शिडाची बोट: विकत घ्यायला किती, यापेक्षा वर्षाला सांभाळायला किती ते आधी बघा

माझा पुतण्या दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी साउथहॅम्प्टनला आला, आमच्याबरोबर चार-पाच वेळा बोटीवर आला आणि त्याला शिडाचं वेड लागलं ते लागलंच. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन, काका एक ३४ फुटी बोट बघितलीय, १९९८ची आहे, ३२ हजार पौंडाला देतोय, अहो इथे बरी नवी गाडी घ्यायची तरी तेवढे जातातच ना, मग घेऊन टाकू का? मी म्हटलं घे किंवा नको घेऊ असं मी सांगणार नाही, पण उद्या जेवायला ये आणि येताना वही-पेन आण. त्या संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि सगळे विचारताना बोटीची किंमतच विचारतात. खरं तर विचारायचं ते तिची लांबी किती आणि तिच्यावरच्या वस्तूंचं वय किती.

आमची बोटपण ३४ फुटीच आहे, फायबरग्लासची, तीन घरांत मिळून घेतलेली, ११ वर्षं झाली. हिशोबाची वही बायकोकडे असते आणि ती पै न पै लिहिते, म्हणून खालचे आकडे त्या वहीतले आहेत, गोल करून सांगतोय. ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचे आहेत, म्हणजे सोलेंट नावाची जी सामुद्रधुनी आहे आइल ऑफ वाइट आणि मुख्य किनाऱ्याच्या मधली, तिथले. या देशात बोटी ठेवायच्या महाग जागांत हा भाग येतो हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठा खर्च कुठला सांगा. शिडं? इंजिन? नाही. बोट उभी करायची जागा.

मरीना म्हणजे बोटींचं पार्किंग समजा, पण तरंगतं. साउथहॅम्प्टनला मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी चारेक मीटर वरखाली होतं, त्यामुळे धक्का दगडाचा असून चालत नाही, पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते पूल असतात आणि त्यांना बोट बांधायची. वीज, पाणी, अंघोळीची सोय, रात्री वॉचमन सगळं असतं आणि गाडीतून उतरून सामान हातगाडीवर टाकलं की दोन मिनिटांत बोटीवर. या सोयीचे पैसे मीटरवर घेतात, म्हणजे बोटीच्या लांबीवर, आणि लांबी मोजताना पुढे बाहेर आलेला नांगरसुद्धा बऱ्याच ठिकाणी धरतात. आमची बोट अशी मोजली की १०.४ मीटर भरते, दर साधारण ७५० पौंड मीटरला, झाले वर्षाचे ७,८००. बोट वर्षात एकदाही हलवली नाही तरी ७,८००. पुतण्याने हा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं, कारण ३२ हजाराच्या बोटीला चार वर्षांत तेवढेच पैसे नुसत्या जागेचे होतात हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

दुसरा रस्ता आहे नदीतल्या बोयाचा, म्हणजे तळाला साखळीने बांधलेल्या तरंगत्या गोळ्याचा. साउथहॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीत जाऊन बघितलंत तर नदीच्या मधोमध रांगेने बोटी बांधलेल्या दिसतील, त्यांना वीज नाही, पाणी नाही, आणि तिथे जायला छोटी रबरी डिंगी वल्हवत जायचं, पाऊस असो वारा असो. आम्ही पहिली सात वर्षं मरीनात होतो, आता चार वर्षं नदीत आहोत आणि वर्षाला २,२०० पौंडात भागतं. मुलं लहान होती तेव्हा मरीनाचे पैसे देणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं, दोन वर्षांच्या पोराला रबरी डिंगीतून बोटीवर चढवणं हे काम नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे ओहोटीला पूर्ण कोरड्या पडणाऱ्या खाड्या, चिखलाच्या. तिथे दोन कील असलेली बोट लागते, म्हणजे तळाला मधोमध एक मोठं वजनदार पातं असण्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक, त्यामुळे पाणी गेलं की बोट आडवी न होता चिखलात दोन पायांवर उभी राहते. अशा जागा खूप स्वस्त, पण भरतीच्या आसपासचे चार-पाच तास सोडले तर तुम्ही तिथून हलू शकत नाही, सगळं वेळापत्रक चंद्राच्या हातात.

आता तो प्रसिद्ध १० टक्क्यांचा नियम. बोटवाल्यांत कुणालाही विचारा, सांगतील की बोटीच्या किमतीच्या १० टक्के दरवर्षी धरा. पुतण्यानेही तेच वाचलं होतं, म्हणून त्याने ३२ हजाराचे १० टक्के म्हणजे ३,२०० धरले होते आणि खुश होता. इथेच सगळे फसतात. तो नियम जुळलाच तर नव्या बोटीच्या किमतीला जुळतो. जुनी बोट स्वस्त मिळते ती तिचं वय झालं म्हणून, पण तिच्या शिडाचं कापड, तिच्या दोरांची जाडी, तिच्या तळाला लागणारा रंग आणि मरीनातली तिची जागा हे सगळं तितकंच लागतं जितकं त्याच लांबीच्या नव्या बोटीला. तुम्ही बोट कितीला घेतली हे शीडवाल्याला माहीत नसतं आणि त्याला त्याच्याशी देणंघेणंही नसतं. उलट जुन्या बोटीला जास्तच लागतं. म्हणून किमतीवरून टक्के काढण्यापेक्षा लांबीवरून हिशोब मांडावा.

वर्षातून एकदा बोट पाण्याबाहेर काढावी लागते. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते आणि मग नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या परत पाण्यात जातात, तसंच इथे पण उलट्या ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर आणि मार्च-एप्रिलमध्ये खाली. आमची बोट सहा टनांची आहे, ती उचलायला मोठी क्रेनची गाडी असते, दोन रुंद पट्टे बोटीच्या पोटाखालून घालतात आणि उचलतात. पट्ट्यात लटकलेली असतानाच लगेच जोराच्या पाण्याने तळ धुवायचा, कारण शेवाळ आणि शिंपल्यांचा थर ओला आहे तोवर निघतो, एकदा वाळला की दगडासारखा होतो आणि मग खरवडत बसा. ज्या दिवशी बोट वर येते त्या दिवशी मी कामावरून रजा काढतो. वर्षभर न दिसलेला भाग समोर येतो, घाणेरडा हिरवा, त्याचा एक उग्र खारट वास येतो, आणि पाण्याचा फवारा जिथे लागेल तिथून पट्ट्यापट्ट्याने तांबडा रंग उघडा पडत जातो. उचलणं, धुणं, टेकू लावून उभी करणं आणि परत पाण्यात सोडणं असं सगळं मिळून ७८०च्या आसपास.

तो तांबडा रंग म्हणजे अँटीफाउलिंग. साधा रंग नाही, त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं जे हळूहळू पाण्यात सुटत राहतं आणि त्यामुळे शिंपल्यांची पिल्लं तिथे घर करायला धजत नाहीत. सुटून सुटून ते संपतं म्हणून दरवर्षी नवा थर. आमच्या बोटीला दोन हात द्यायला पाच लिटर लागतो. हे काम आम्ही तिन्ही घरं एका शनिवार-रविवारी स्वतः करतो, मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून, कारण तो रंग विषारी आहे आणि खरवडताना त्याची पूड नाकात जाऊन चालणार नाही. ज्यांना वाटतं एक वर्ष नाही लावला तर काय होतंय, त्यांनी जूनमध्ये आपली बोट किती मंद चालते ते बघावं, तळाला नुसतं शेवाळ धरलं तरी वेग लगेच पडतो आणि इंजिन लावलं तर डिझेल जास्त जातं.

रंगासोबतच बदलायचा तो अ‍ॅनोड, आणि हा मला फार आवडणारा प्रकार आहे म्हणून जरा थांबून सांगतो. शाळेत लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसून छोटा दिवा लावायचा प्रयोग आठवतोय का? बोटीला पाण्यातून ढकलणारा इंजिनाचा पंखा ब्राँझचा, त्याचा दांडा स्टेनलेस स्टीलचा, आणि आजूबाजूला खारं पाणी, म्हणजे तोच प्रयोग समुद्रात चोवीस तास चालू. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यातला जो कमजोर तो झिजतो. म्हणून मुद्दाम त्यांच्यापेक्षाही कमजोर असा जस्ताचा गोळा दांड्यावर बसवतात, मग झीज सगळी तो सोसतो आणि पंखा वाचतो. वर्षाच्या शेवटी तो गोळा उंदराने कुरतडलेल्या साबणासारखा दिसतो, आणि तसा दिसला तर खुश व्हायचं, त्याने त्याचं काम केलं. मरीनात राहून विजेची वायर लावून ठेवली असेल तर हे जास्त जोरात होतं, कारण अर्थिंगच्या वायरमधून तुमची बोट शेजारच्या बोटींना जोडली जाते आणि तुमचं जस्त शेजाऱ्याच्या पंख्यासाठीही खर्च होतं. त्यावर एक छोटं यंत्र मिळतं जे ही वाट अडवतं, ते बसवून घ्यावं. रंग, अ‍ॅनोड, पॉलिश आणि ब्रश वगैरे मिळून ३०० पौंड धरा.

आता जो खर्च लोक वहीत लिहीतच नाहीत तो. शिडं आणि डोलकाठीच्या वायरी.

डोलकाठी उभी राहते ती तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या वायरींमुळे, याला रिगिंग म्हणतात. प्रत्येक वायर १९ तारांची पिळलेली. बाहेरून वर्षानुवर्षं चकचकीत दिसते आणि म्हणूनच फसवते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावर असलेल्या एका अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. वायरचं टोक ज्या नळीत दाबून बसवलेलं असतं तिथे आत खारं पाणी शिरून अडकतं, तिथे हवा पोचत नाही, थर जातो आणि आतल्या आत तार खाल्ली जाते. तपासायची साधी पद्धत म्हणजे कापूस किंवा टिश्यू पेपर वायरभोवती धरून वरून खाली ओढत आणायचा, एखादी तार तुटलेली असेल तर कापूस तिथे अडकतो. आठव्या वर्षी आमच्या मित्राच्या बायकोला पाळण्यात बसवून डोलकाठीवर चढवलं होतं, तिचं वजन सगळ्यात कमी म्हणून, आणि वरून तिचा आवाज आला, इथे कापूस अडकलाय. एक तार, सुईसारखी बाहेर आलेली. १९ पैकी एक. पण एक तुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, म्हणून सगळी रिगिंग बदलली, ४,५०० पौंड गेले आणि मला त्या पैशाचं अजिबात वाईट वाटलं नाही, कारण भर समुद्रात डोलकाठी कोसळली असती तर काय झालं असतं याचा विचार आम्ही तिन्ही घरांनी त्या रात्री केला होता. साधारण १०-१२ वर्षांनी रिगिंग बदलावीच लागते, बऱ्याच विमा कंपन्याही ते विचारतात.

शिडांचं दुखणं वेगळं, त्यांना ऊन मारतं. कापडाच्या आधी शिलाई जाते, दोरा कुजतो आणि कडेची शिवण उसवायला लागते. नीट झाकून ठेवली, हिवाळ्यात उतरवून धुतली तर १० वर्षं चालतात, नवी दोन शिडं आमच्या मापाची साडेचार हजारात येतात. आता हे साडेचार आणि ते साडेचार एकदम आले तर घर हलतं. म्हणून आम्ही भिशीसारखं करतो, दर महिन्याला तिन्ही घरं ठरलेली रक्कम बोटीच्या खात्यात टाकतात, शिडांचे वर्षाला ४५० आणि रिगिंगचे ४०० वेगळे काढून ठेवतो, काही बिघडलेलं नसलं तरी. तो खर्च झालेलाच आहे, बिल फक्त उशिरा येणार आहे.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. शिडाच्या बोटीलाही डिझेल इंजिन असतं, धक्क्याला लावायला आणि वारा पडला तर घरी यायला. आमचं ३० हॉर्सपॉवरचं आहे, तासाला तीनेक लिटर खातं, वर्षात फार तर ५०-६० तास चालतं, म्हणजे इंधन हा खर्चच नाही म्हणा ना. तेल, फिल्टर, बेल्ट आणि इम्पेलर वर्षातून एकदा बदलायचे, स्वतः केलं तर डिझेल धरून ४०० पौंडात सगळं होतं. इम्पेलर म्हणजे मुठीत मावेल एवढी रबराची फुलासारखी चकती, ती समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवते. किंमत वीसेक पौंड. एका वर्षी मागच्या उन्हाळ्यात फारसं चालवलंच नाही म्हणून आम्ही ती बदलली नाही. ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटहून परत येताना साउथहॅम्प्टनच्या खाडीच्या तोंडाशी, कॅलशॉटजवळ, वारा पूर्ण पडला, इंजिन लावलं आणि दहा मिनिटांत गरम झाल्याचा अलार्म वाजला. तिथून साउथहॅम्प्टनची मोठी कंटेनर जहाजं वळतात, आणि १५० मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे १,००० मीटर आणि बाजूंना १०० मीटर छोट्या बोटींनी यायचंच नाही असा नियम आहे. नशिबाने आम्ही मार्गाच्या बाहेर उथळ पाण्यात होतो, नांगर टाकला, झाकण उघडलं तर चकतीच्या सहा पाकळ्यांपैकी दोन गायब. नवी बसवायला वीस मिनिटं लागली, पण ते दोन तुटके तुकडे पाइपातून पुढे जाऊन कूलरमध्ये अडकले होते, ते शोधून काढल्याशिवाय पाणी वाहीना, त्यात दोन तास गेले. रबर वापरलं नाही म्हणून टिकत नाही, एका जागी दाबून बसलेलं असतं म्हणून उलट लवकर तडकतं. तेव्हापासून बदललेल्या तारखा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो.

बाकी विमा ४२० पौंड. सुरक्षेच्या सामानाचे वर्षाला २५० धरतो, त्यात लाइफ राफ्टची तीन वर्षांनी होणारी तपासणी, एक्स्पायर होणारे फ्लेअर्स म्हणजे संकटात पेटवायच्या खुणेच्या मशाली, लाइफ जॅकेटचे गॅसचे नळकांडे आणि आरएनएलआयची वर्गणी. आरएनएलआय ही इथली लाइफबोट चालवणारी संस्था, १८२४ पासून आहे, बहुतेक खलाशी स्वयंसेवक, पैसे देणग्यांतून येतात आणि जीव वाचवायचे एक पैसाही घेत नाहीत, म्हणून ती वर्गणी आमच्या वहीत कधी चुकत नाही. आणि मग मोडतोड म्हणून सरसकट १,००० पौंड, कारण दरवर्षी काहीतरी निघतंच, कधी बॅटरी, कधी टॉयलेटचा पंप, कधी दोर.

बेरीज केली तर मरीनात ११,८००, नदीत ६,२००. पौंडाचे ११० रुपये धरले तर तेरा लाख आणि पावणेसात लाख. आम्ही वर्षात ३५ दिवस तरी बोटीवर असतो, म्हणजे नदीतल्या हिशोबाने दिवसाला १७७ पौंड, आणि ते तीन घरांत. घरटी वर्षाला दोन हजाराच्या थोडं वर. एवढ्यात आम्हाला आमची बोट आहे आणि मुलं समुद्रावर वाढली. एकट्याने ती मी ठेवू शकलो नसतो हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं. भागीदारी करायची तर कोण कुठला वीकेंड घेणार, कुणी मध्येच सोडलं तर त्याला किती मिळणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सह्या करा, कितीही जवळचे मित्र असोत. आमचा तो कागद दीड पानाचा आहे आणि अकरा वर्षांत दोनदा उघडावा लागला, दोन्ही वेळा त्यानेच मैत्री टिकली.

आता लांबीचं गणित, जे त्या संध्याकाळी सगळ्यात कामाला आलं. ३० फुटी बोट आणि ४० फुटी बोट, फरक १० फुटांचा, म्हणजे तिसरा हिस्सा जास्त असं वाटतं. पण रंग लागतो पृष्ठभागाला, शीड हेही पृष्ठभागच, आणि पृष्ठभाग लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीच्या वर. वजन घनाने वाढतं, म्हणजे जवळजवळ २.४ पट, आणि वजन वाढलं की नांगर, दोर, वायरी, दोर ताणायचे विंच, क्रेन सगळंच जाड आणि महाग. म्हणून चार फूट कमी घेतले तर खर्चात जो फरक पडतो तो चार फुटांचा नसतो. आणि छोट्या बोटीने काही अडत नाही. सुहैली नावाची बोट आपल्या मुंबईतच सागवानात बांधली होती, १९६०च्या दशकात, अवघी ३२ फुटी, आणि तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाले ते ३१२ दिवसांनी २२ एप्रिल १९६९ला पृथ्वीला वळसा घालून परत तिथेच आले, एकट्याने आणि कुठेही न थांबता, तसं करणारे जगातले पहिले. ती शर्यतच होती, तीत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली ती एकट्या त्यांनीच. मग आपल्याला शनिवारी आइल ऑफ वाइटला जाऊन रविवारी परत यायला किती फूट लागतात?

पुतण्याने दुसऱ्या दिवशी बोटवाल्याला तीन प्रश्न पाठवले, रिगिंग कधी बदलली, शिडं कुठल्या वर्षीची, आणि गेल्या पाच वर्षांची बिलं दाखवाल का. उत्तर आलं की रिगिंग मूळचीच आहे, १९९८ची, आणि बिलं शोधावी लागतील. म्हणजे ३२ हजाराच्या बोटीवर पहिल्याच वर्षी साडेचार हजार रिगिंगचे, त्यात शिडंही जुनी. ती त्याने सोडली. आता ऑफिसातल्या एका मित्राबरोबर अर्ध्या भागीत २६ फुटी दोन कीलची बघतोय, चिखलातल्या जागेसकट मिळतेय आणि मालकाने सगळी बिलं फाइलला लावून ठेवलीत. घेण्याआधी बोट तपासून देणारा सर्व्हेअर फुटाला वीस-पंचवीस पौंड घेतो, तो येत्या शनिवारी येणार आहे. मीही जाणार आहे, टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन, आरसा अशासाठी की कीलचे बोल्ट पाण्याच्या टाकीमागे असतात आणि त्यातल्या मागच्या दोन बोल्टवर गंज आहे का ते सरळ डोळ्याने दिसत नाही.